गणवेशाच्या नोंदवहीतली नऊ पाने : माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
माध्यमिक शाळांचे माननीय मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शालेय व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

विषय : गणवेशाचे नियम आणि विद्यार्थ्यांना मिळणारा मानसिक आधार यांची सांगड घालण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकवते आहे. त्यांतली बहुतेक वर्षे वर्गशिक्षिका म्हणून गेली आणि अलीकडची काही वर्षे शिकवण्याबरोबरच विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचे कामही माझ्याकडे आहे. फाटकापाशी उभे राहून गणवेश तपासण्याची पाळी मी किती वेळा केली याचा हिशेब आता मला लागणार नाही. सुरुवातीलाच स्पष्ट करते की मी गणवेशाच्या विरोधात नाही. सगळ्यांच्या अंगावर सारखा कपडा असला की निदान त्या पाच-सहा तासांपुरती कुणाच्या घरची श्रीमंती आणि कुणाच्या घरची ओढाताण पहिल्या नजरेत दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे म्हणणे तपासणीबद्दल, त्या तपासणीतून निघणाऱ्या शेऱ्यांबद्दल आणि त्या शेऱ्यांचे पुढे आपण काय करतो याबद्दल आहे.

एका वर्षी दुसऱ्या सत्रात नववीतल्या एका मुलीच्या नावापुढे पाच आठवड्यांत नऊ शेरे पडले. 'मोजे नाहीत', 'गणवेश अस्वच्छ', 'नियमित गणवेशाऐवजी खेळाचा गणवेश', 'स्कर्ट ओला', पुन्हा 'मोजे नाहीत', असे ते शेरे होते. चार शिक्षकांच्या हस्ताक्षरांतले. त्यांतले तीन माझे होते. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे तिसऱ्या शेऱ्याला तिला ताकीद मिळाली, पाचव्याला पालकांच्या सहीसाठी चिठ्ठी गेली आणि सातव्यापासून पहिला तास वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा सुरू झाली. चिठ्ठी सही होऊन आली. ती सही तिने स्वतःच केली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. नवव्या शेऱ्यानंतर ती शाळेत यायची थांबली. अकरा दिवसांनी तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने मला गाठून सांगितले की तिची आई दीड महिन्यापासून अंथरुणाला खिळली आहे, वडील कामासाठी दुसऱ्या गावी असतात आणि दोन लहान भावंडांचे सगळे तिलाच पाहावे लागते. गणवेशाचा एकच जोड होता. रात्री सगळ्यांची निजानीज झाल्यावर ती तो धुऊन टाकत असे आणि सकाळी जसा असेल तसा अंगावर चढवून येत असे.

'स्कर्ट ओला' हा शेरा माझा होता. त्या सकाळी मी तिच्या स्कर्टच्या कडेला हात लावून पाहिला होता. घड्यांच्या आत पाणी साचलेले होते, बोटांना ते गार लागले, आणि तिच्या पोटऱ्यांवर काटा आला होता. 'ओल्या कपड्यांत येऊ नकोस, आजारी पडशील' असे म्हणून मी वहीत नोंद केली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीकडे वळले. कपडा ओला का आहे, हे विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते.

ती मुलगी पुढे शाळेत परतली, तिला हवी ती मदतही मिळाली. परंतु मला त्या दिवसानंतर नोंदवहीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता आले नाही. मी ती वही घरी नेली आणि मागची पाने चाळत बसले. तेव्हा लक्षात आले की आमच्या वहीत नोंदी तारखेनुसार होत्या. रोजचे एक पान, त्यावर त्या दिवशी सापडलेल्या मुलांची नावे. त्यामुळे तिचे नऊ शेरे नऊ पानांवर विखुरलेले होते आणि चारही शिक्षकांना ती 'आजच्या यादीतली एक' एवढीच दिसली होती. शेरे मोजण्याचे काम कार्यालयातून होत असे, म्हणून शिक्षेचा आकडा बरोबर पुढे सरकत राहिला. शेरे वाचण्याचे काम मात्र कुणाकडेच नव्हते.

या पत्रातून मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. गणवेशाची तपासणी ही शाळेच्या दिवसातली अशी वेळ असते की जेव्हा एखादी मोठी व्यक्ती प्रत्येक मुलाकडे डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहते. तासाला आपण फळ्याकडे, वहीकडे, घड्याळाकडे पाहतो, मागच्या बाकांवरचे चेहरे कित्येकदा दिवसभर नजरेला पडत नाहीत. फाटकापाशी मात्र प्रत्येक मूल आपल्यासमोरून जाते. ज्या मुलाचा शर्ट वर्षभर कडक इस्त्रीचा असे तो आठवडाभर चुरगळलेला दिसू लागतो, एखाद्याच्या पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडलेले असते आणि तरी पँट कमरेवर ठरत नाही, कुणाच्या बुटाची टाच मागून दुमडलेली असते कारण बूट दोन मापांनी लहान झालेला असतो, एखादी मुलगी ऐन उकाड्यातही लांब बाह्यांचा स्वेटर काढायला तयार नसते. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे साधे कारण असू शकते, तसेच ते गंभीरही असू शकते. मूल नीट जेवत नाही, घरात मारहाण होते आहे, त्याला स्वतःचाच जीव नकोसा झाला आहे, अशा गोष्टी तोंडाने सांगण्याच्या कितीतरी आधी त्या अंगावरच्या कपड्यांत उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. म्हणजे आपल्या फाटकातून रोज आत येणाऱ्या रांगेत अशी मुले आहेतच, ती कुठली हे शोधण्याची आपल्याजवळची सर्वांत जुनी आणि सर्वांत नियमित सोय आपण फक्त मोज्यांचा रंग तपासण्यासाठी वापरतो आहोत.

स्वेटर न काढणाऱ्या मुलीचा उल्लेख केला, त्याबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. अशा वेळी 'बाह्या वर कर' असा हुकूम सगळ्यांदेखत सोडणे ही आपल्या हातून घडणारी अत्यंत घातक चूक ठरू शकते. तिला रांगेतून हळूच बाजूला घेऊन, काही न दाखवता आणि काही न विचारता वर्गात जाऊ द्यावे आणि त्याच दिवशी, तिला ज्यांच्याशी बोलायला मोकळे वाटेल अशा व्यक्तीने तिची भेट घ्यावी. गणवेशाच्या नियमापेक्षा त्या क्षणी तिचा आपल्यावरचा विश्वास टिकणे अधिक महत्त्वाचे असते. त्या विश्वासावरच ती पुढे काही सांगणार की नाही हे ठरते.

गणवेशाचा इतिहास पाहिला तर काळजी आणि कपडा ही दोन्ही एकत्रच शाळेत आली, असे दिसते. लंडनमध्ये १५५२ साली निराधार मुलांसाठी 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' ही संस्था सुरू झाली. तिथे मुलांना निवारा, अन्न, वस्त्र आणि शिक्षण मिळत असे, आणि तिथला लांब निळा डगला व पिवळे मोजे हा पोशाख शालेय गणवेशाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. ज्या मुलाला अंगभर कपडा नव्हता त्याला तो शाळेने दिला. कपडा नसल्याबद्दल त्याला दाराबाहेर उभे करणे ही कल्पना त्या मूळ हेतूच्या नेमकी उलट आहे. आपल्याच काळातले उदाहरण द्यायचे तर पश्चिम केनियातल्या ३२८ शाळांत एस्तेर डुफ्लो, पास्कलिन डुपा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. वरच्या इयत्तांतल्या मुलांना शाळेचा गणवेश विनामूल्य दिल्यावर मुलींचे शाळा सोडण्याचे प्रमाण घटले, त्याचबरोबर कोवळ्या वयातली लग्ने आणि गर्भधारणाही कमी झाल्या, असे त्यांना आढळले. गणवेश हाताशी असणे किंवा नसणे एखाद्या मुलीच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर परिणाम करू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

याउलट, गणवेश कडक केला की शिस्त आपोआप सुधारते या समजुतीला मात्र फारसा आधार सापडत नाही. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लहान विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. गणवेश असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या वागणुकीत त्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ती मुले प्राथमिक वयाची होती, म्हणून तो निष्कर्ष माध्यमिक शाळांना जसाच्या तसा लावू नये, हे मला मान्य आहे. परंतु माझा स्वतःचा अनुभवही याच बाजूचा आहे. ज्या वर्षी आम्ही तपासणी सर्वांत कडक केली होती त्या वर्षी वर्गांतली शांतता वाढल्याचे मला आठवत नाही. उशिरा येऊन मागच्या दाराने आत शिरणाऱ्यांची संख्या मात्र वाढली.

नियम आणि वागणूक यांतला फरक स्पष्ट करणारा एक खटला जपानमध्ये झाला, तो आपल्यापैकी प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. ओसाका प्रांतातल्या एका शासकीय उच्च माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलीचे म्हणणे होते की तिचे केस जन्मतःच तपकिरी आहेत. शाळेने ते काळे रंगवण्याचा वारंवार आग्रह धरला. ती शाळेत येईनाशी झाली, तेव्हा वर्गातले तिचे बाक हलवण्यात आले आणि वर्गाच्या यादीतून तिचे नावही गाळले गेले. ओसाका जिल्हा न्यायालयाने २०२१ च्या फेब्रुवारीत दिलेल्या निकालात केसांविषयीचा शाळेचा नियम बेकायदा ठरवला नाही. बाक आणि नाव काढून टाकण्याच्या कृतीबद्दल मात्र तिला ३ लाख ३० हजार येन नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. नियमाबद्दल न्यायालयाचे मत काहीही असो, मला त्या निकालातले बाक अस्वस्थ करते. नियम न पाळणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करताना आपणही थोड्या वेळापुरते त्याचे बाक काढूनच घेत असतो. जो तास बुडतो तो भूमितीचा असो की भाषेचा, मोज्यांची चूक त्याने भरून निघत नाही. पुढल्या वर्षी टोकियो महानगराच्या शासकीय उच्च माध्यमिक शाळांनी केस काळे असण्याच्या सक्तीसारखे काही जुने नियम रद्द केले, तेव्हा जपानभर या विषयावर बरीच चर्चा झाली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या २८ व्या कलमात शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरूनच राबवली जावी, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि १२ व्या कलमात मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचे मत ऐकून त्याला योग्य ते वजन देण्याचे तत्त्व आहे. जगातल्या जवळजवळ सर्व राष्ट्रांनी ही संहिता स्वीकारलेली आहे. सगळ्या शाळेसमोर एखाद्या मुलीच्या केसांना किंवा स्कर्टला हात घालून दोष दाखवणे, तिला गुडघ्यांवर बसवून कापडाची लांबी मोजणे, मुलाच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून ती सर्वांना दाखवणे, हे सगळे त्या कलमाच्या विरोधात जाते. यांतले निदान एकेक आपल्या सर्वांच्या शाळांत घडताना आपण पाहिलेले आहे.

आता नियमांबद्दल. प्रत्येक नियमासमोर त्याचे कारण एका वाक्यात लिहून पाहावे आणि ते वाक्य चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर निःसंकोचपणे सांगता येईल का, याचा विचार करावा, एवढी साधी कसोटी मी सुचवते. प्रयोगशाळेत केस बांधलेले असावेत याचे कारण कुणालाही पटते. पायमोज्यांच्या वरच्या कडेला एक निळी रेघ असलीच पाहिजे याचे कारण मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही. ज्या नियमाला कारण नाही तो पाळून घेण्यासाठी आवाज चढवावा लागतो, आणि चढलेल्या आवाजाची सवय लागलेला शिक्षक गरजेच्या वेळी मुलाच्या मनापर्यंत पोहोचू शकत नाही.

शरीराशी संबंधित नियमांकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण आपले विद्यार्थी नेमके त्या वयात आहेत. वाढीच्या ऐन भरात मुलगा वर्षाला साधारण ९ सेंटिमीटर आणि मुलगी सुमारे ८ सेंटिमीटर उंच होते. वर्षाच्या सुरुवातीला घोट्यापर्यंत असलेली पँट वर्षअखेरीस वर जाते, ती मुलाच्या बेफिकिरीमुळे नाही. मुलींच्या बाबतीत पाळीचा विचार नियम लिहिताना कुणीच मोकळेपणाने करत नाही. पांढरा किंवा अगदी फिका स्कर्ट वा सलवार सक्तीची असलेल्या शाळेत महिन्यातले काही दिवस कित्येक मुली गैरहजर राहतात, किंवा दिवसभर जागेवरून उठत नाहीत, फळ्यापाशी बोलावले तर उत्तर येत असूनही 'येत नाही' म्हणतात. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता पाळीच्या दिवसांत एखादी मुलगी अचानक गप्प झाली तर मी तिला उभे करून प्रश्न विचारत नाही. विम्बल्डनसारख्या पोशाखाबाबत अत्यंत कडक असलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाची आतली चड्डी घालण्याची मुभा दिली, ती याच कारणासाठी. जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना ज्या चिंतेने खेळावर लक्ष देता येत नव्हते, त्याच चिंतेत तेरा वर्षांच्या मुलीने गणित सोडवावे अशी अपेक्षा आपण कशी ठेवावी? खालचा कपडा गडद रंगाचा असावा आणि पाळीच्या दिवसांत खेळाचा गणवेश घालून येण्याची परवानगी कुणालाही कारण न सांगता मिळावी. एवढा एकच बदल झाला तरी मला या पत्राचे सार्थक झाले असे वाटेल.

मुलींना पँट वा सलवार निवडण्याची मुभा असावी, याबद्दल फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने २०१९ पासून सर्व शासकीय शाळांत मुलींना शॉर्ट्स आणि पँटचा पर्याय देणे बंधनकारक केले. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली १३५ देश व प्रदेशांतल्या माहितीचा आढावा घेतला. ज्या देशांतल्या बहुसंख्य शाळांत गणवेश आहे तिथे रोज सरासरी एक तास शारीरिक हालचाल करणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी आढळले, आणि प्राथमिक वयात मुलगे व मुली यांच्यातली तफावतही अधिक दिसली. गणवेशामुळेच असे होते असा दावा त्यांनी केलेला नाही, परंतु स्कर्ट सांभाळत मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

काही मुलांना कापडाचा स्पर्शच सहन होत नाही, हेही लक्षात घ्यावे. स्वमग्नता असलेल्या एका मुलाला कॉलरच्या आतल्या लेबलचा इतका त्रास होत असे की पहिले दोन तास त्याचे सगळे लक्ष मानेकडेच असायचे. लेबल कापून टाकले, कॉलरचे वरचे बटण उघडे ठेवण्याची सवलत दिली, आणि त्याला 'बेशिस्त' म्हणणाऱ्या शिक्षकांनाच आठवडाभरात तो शांत वाटू लागला. श्रद्धा आणि परंपरा यांतून येणाऱ्या चिन्हांबाबत दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली दिलेला निकाल मार्गदर्शक आहे. डर्बनमधल्या एका शाळेतल्या मुलीला तिच्या दक्षिण भारतीय हिंदू परंपरेनुसार घातलेली नाकातली चमकी काढायला सांगण्यात आले होते. एका मुलीला सवलत दिल्याने शाळेची शिस्त ढासळेल हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही आणि अशा बाबतीत वाजवी सवलत देऊन विद्यार्थ्याला सामावून घेणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे ठरवले. खर्चाबद्दल एवढेच लिहिते की इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चासंबंधी स्वतंत्र कायदा झाला, आणि बोधचिन्ह असलेल्या सक्तीच्या वस्तू कमीत कमी ठेवाव्यात व वापरलेले गणवेश पालकांना सहज मिळण्याची सोय असावी, अशा सूचना त्यानुसार शाळांना देण्यात आल्या. यासाठी कुठल्याही शाळेने कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नियम बदलले तरी तपासणीची पद्धत बदलली नाही तर फार काही साधणार नाही, म्हणून त्या पद्धतीकडे परत येते. नोंदवहीत प्रत्येक विद्यार्थ्याचे एक पान असावे, दिवसाचे नसावे. दर शुक्रवारी ती वही वर्गशिक्षकांकडे यावी आणि त्यांनी ती वाचावी. तिसऱ्या शेऱ्याला आज ताकीद मिळते, त्याऐवजी वर्गशिक्षकांनी त्या मुलाशी दहा मिनिटे एकट्याने, दार उघडे ठेवून पण कुणाच्या कानांवर पडणार नाही अशा जागी, बोलावे. 'गणवेश का नाही?' असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा त्यात उत्तराची अपेक्षा नसते, हे मुलांना पक्के ठाऊक असते. 'सध्या घरी सकाळी काय काय चालते?' असे विचारले की मूल बोलते. मी हा फरक शेकडो वेळा अनुभवला आहे. पालकांना चिठ्ठी पाठवण्याआधी ती चिठ्ठी घरी गेल्यावर त्या मुलाचे काय होईल, याचाही विचार त्या भेटीत व्हावा, कारण काही घरांत शाळेची चिठ्ठी म्हणजे त्या रात्रीचा मार असतो.

शाळेत गणवेशाचे एक कपाट असावे, त्यात निरनिराळ्या मापांचे धुतलेले जोड, मोजे, पट्टे आणि सॅनिटरी पॅड असावेत. त्याची किल्ली अशा व्यक्तीकडे असावी की जिच्याकडे जाताना मुलांना संकोच वाटत नाही. आमच्याकडे ती किल्ली एका सेविकाबाईंकडे आहे. त्या कुणाला काय दिले हे लिहून ठेवत नाहीत, परत मागत नाहीत, आणि तरी बहुतेक कपडे धुऊन, घडी करून परत येतात. एखादे मूल वरचेवर कपाटापाशी येऊ लागले की त्या फक्त त्याचे नाव माझ्या कानांवर घालतात. आमच्या संपूर्ण आधार व्यवस्थेत मला सर्वांत अधिक माहिती त्यांच्याकडून मिळते, आणि तरीही अशा व्यक्तीला आपण शिक्षकांच्या बैठकीत कधी बोलावत नाही.

समुपदेशनाच्या खोलीबद्दल एक कळकळीची विनंती आहे. 'आणखी एकदा असे झाले तर तुला समुपदेशकांकडे पाठवीन' असे वाक्य आपल्या शाळांत सर्रास ऐकू येते. ज्या दिवशी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले जाते त्या दिवसापासून माझ्या खोलीचे दार मुलांच्या लेखी शिक्षेचे दार होते, आणि ज्याला खरोखर बोलायचे आहे ते मूलही मग तिथे दिसायला नको म्हणून येत नाही. शिक्षा द्यायचीच असेल तर ती पर्यवेक्षकांनी द्यावी. माझ्याकडे मूल आले तर त्याला कोणत्याही शेऱ्याचा जाब द्यावा लागणार नाही, याची हमी शाळेने लेखी द्यावी, आणि मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढीच बाब गुप्ततेच्या बाहेर ठेवावी.

प्रत्येकाची कहाणी ऐकत बसलो तर शिस्त कशी राहील, असे सहकारी मला विचारतात. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. वर्ग भरगच्च असतात, सकाळची घाई असते, शिक्षकांवर इतर कामांचे ओझे असते, आणि काही मुले जाणूनबुजून नियम मोडतात, हे मी नाकारत नाही. अशा मुलांना परिणाम भोगावे लागावेत, असेच माझेही मत आहे. वर्ग झाडणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे, मधल्या सुट्टीत थांबणे, असे परिणाम अभ्यास न बुडवता आणि मानहानी न करता देता येतात. परंतु कोण मस्तीत आहे आणि कोण अडचणीत आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. न विचारता दिलेली शिक्षा अडचणीतल्या मुलालाच अधिक लागते, कारण मस्तीतल्या मुलाला तिचे फारसे काही वाटत नाही.

पुढील वर्षाची नियमपुस्तिका छपाईला जाण्यापूर्वी ती विद्यार्थी प्रतिनिधींसमोर एकदा वाचून दाखवावी आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. त्याच आठवड्यात चालू वर्षाची गणवेशाची वही कपाटातून काढून तिच्यातल्या नोंदी तारखांऐवजी नावांनुसार पुन्हा लिहून घ्याव्यात. एका लिपिकाचे एका दुपारचे काम आहे. ज्या नावांपुढे पाचाहून अधिक शेरे निघतील ती नावे कुणालाही शिक्षा न करता वर्गशिक्षकांच्या हातात द्यावीत आणि पंधरा दिवसांनी त्यांना काय कळले ते विचारावे. आमच्या शाळेत अशी चौदा नावे निघाली होती. त्यांतल्या नऊ मुलांच्या घरी काय चालले आहे, याची शाळेला तोपर्यंत काहीही कल्पना नव्हती.

कळावे,

आपली नम्र,
एक वर्गशिक्षिका